सारख्या उंचीच्या दोन नळ्या

१

यंत्र जागेवरून हातभर सरकून भिंतीला धडकलं होतं. आदल्या दुपारी ते यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये प्रयोगशाळेतला मदतनीस शिवकुमार याचा पाय सापडला. नडगीची दोन्ही हाडं मोडली. आता तो उमरग्याच्या एका दवाखान्यात होता. त्याच्या भावानं ठाण्यात येऊन तक्रार दिली होती की महेश्वरी नावाच्या संशोधक मुलीच्या हलगर्जीपणामुळं हे घडलं.

सहायक पोलीस निरीक्षक सत्यभामा खटके दारातच थांबून खोली न्याहाळत होत्या. जळकोटच्या पुढं, हायवेपासून थोडं आत असलेलं हे तुरीच्या संशोधनाचं छोटं खासगी केंद्र त्यांनी रोज येता-जाता बाहेरून पाहिलं होतं. आत पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. त्यांची पदवी इतिहासाची होती. विज्ञानाशी संबंध दहावीला सुटला, तो सुटलाच.

"याला सेंट्रिफ्यूज म्हणतात," डॉ. गौरीशंकर हत्तरगे सांगू लागले. केंद्राचे ते मुख्य संशोधक, साठीला टेकलेले, आवाज मऊ. "रवीनं ताक घुसळलं की लोणी वेगळं होतं ना? इथं रवी नाही, नळीच गरगर फिरते. रोपं वाटून त्याचा रस काढायचा आणि नळीत भरून फिरवायचा. पेशीतला जो भाग जड, तो आधी तळाशी बसतो. वेग वाढवत नेला की एकेक भाग वेगळा काढता येतो."

हवालदार उत्तरेश्वर बेंबळीचे. त्यांनी वाकून यंत्राच्या पोटात पाहिलं. "आन् मग ह्ये उधळलं कशापायी?"

"नळ्या समोरासमोर बसतात. दोन्हींचं वजन सारखं लागतं. चमचाभराचा फरक राहिला तरी त्या वेगात तो पोत्याएवढा होतो. नवीन यंत्रं अशा वेळी आपोआप बंद पडतात. आमचं जुनं आहे, त्याची ती सोय कधीच बिघडलीय."

"नळ्या कुणी तोलल्या होत्या?" सत्यभामांनी विचारलं.

"महेश्वरीनं." डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "पोरगी हुशार आहे हो. घाईत डोळ्यानं अंदाज घेतला असणार. मॅडम, तिच्यावर गुन्हा नोंदवू नका. तिनं इथलं काम सोडावं, शिवकुमारचा दवाखाना आम्ही बघू, आणि विषय मिटवू."

 सत्यभामांनी बॅटरीचा झोत यंत्राच्या पोटात टाकला. आत स्टीलचे दोन पेले आडवे पडले होते. याच पेल्यांत नळ्या बसवून वर झाकणं लावतात. धक्क्यानं दोन्ही झाकणं तडकली होती, दोन्ही पेल्यांतून पाणी झिरपलं होतं. डाव्या पेल्याला काळ्या मुंग्यांनी नुसता वेढा घातला होता.

उजवा पेलाही तसाच ओला होता. त्याच्याकडं एकही मुंगी फिरकली नव्हती.

२

बोलणं डॉक्टरांच्या खोलीत झालं. चहा आला. डॉक्टरांनी आपला कप वेगळा घेतला आणि पोटावरून हात फिरवत म्हणाले, "मधुमेह. किती वर्षं झाली, साखरेचा कण नाही." सत्यभामा हात धुवायला कोपऱ्यातल्या बेसिनकडं गेल्या. जाळीभोवती मुंग्यांची रांग होती. त्यांनी मुंग्या चुकवून हात धुतले आणि परत येऊन बसल्या.

महेश्वरी आली तेव्हा तिच्यासोबत तिचे वडील बंडप्पा होते. त्यांचं उमरग्यात भुसार मालाचं दुकान. कपाळावर विभूती, हातात मुलीची बॅग. तिला घरी न्यायलाच आले होते.

"साहेबीण, माझी पोरगी असं करणार न्हाय," ते म्हणाले. "पण ह्यांनीच नको म्हटल्यावर ऱ्हायचं कशाला? मी तर आधीपासनं नको म्हणत हुतो. सरांनी शब्द टाकला म्हणून पाठवलं हिला."

"अप्पा, थांबा जरा," महेश्वरी म्हणाली. रडून तिचे डोळे सुजले होते, आवाज मात्र ठाम होता. "मॅडम, मी नळ्या तोलल्यात. तराजूवर. शिवकुमारदादांनीच मला शिकवलंय, डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून."

"एकांतात बोलू या," सत्यभामा म्हणाल्या. त्या तिला घेऊन बाहेर व्हरांड्यात आल्या. "कशाचा प्रयोग होता, मला समजेल असं सांग."

"आपल्याकडं एक काळी तूर आहे. पाऊस दडी मारतो तेव्हा बाकीची तूर वाळते, ही उभी राहते. हत्तरगे सरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी दाखवून दिलं की तिच्या पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये एक वेगळं प्रथिन आहे. तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाघर. त्या निबंधानं या केंद्राचं नाव झालं. आता पुढच्या हंगामात ती तूर गावोगाव वाटायचीय. त्याआधी बाहेरच्या तज्ज्ञांनी प्रयोग परत करून दाखवा म्हटलं. ते काम सरांनी मला दिलं."

"मग तू काय केलंस?"

"एका नळीत काळ्या तुरीचा रस, समोरच्या नळीत साध्या तुरीचा. आधी हळू फिरवून जाडाभरडा भाग टाकून दिला होता. आता जोरात फिरवलं की तंतुकणिका तळाशी बसणार होत्या. नळ्या तोलून मी शीतखोलीत बर्फात ठेवल्या आणि चहाला गेले. चहानंतर शिवकुमारदादांनी त्या यंत्रात बसवल्या. यंत्र थडथडायला लागलं तसे ते बंद करायला धावले, आणि..."

"नळीत रसाबरोबर साखर असते का?"

महेश्वरीनं आश्चर्यानं पाहिलं. "असते की. रस घट्ट साखरपाण्यातच करतात, नाहीतर तंतुकणिका फुगून फुटतात. तुम्हाला कसं कळलं?"

"दोन्ही नळ्यांत?"

"दोन्हींत. सारखीच."

सत्यभामांनी उत्तरेश्वरांना हाक मारली. "हवालदार, एक डबा काकवीचा आणि तेवढाच एक पाण्याचा. दोन्ही काठोकाठ भरले. उचलायला जड कुठला?"

"काकवीचा. हे काय इचारणं झालं, मॅडम?"

"म्हणजे उंची सारखी, वजन वेगळं. हिनं तोललेल्या दोन्ही नळ्यांत साखर होती. यंत्रात मात्र एकाच नळीत साखर निघाली. मुंग्यांना तक्रारीशी काही देणंघेणं नाही, त्या खोटं कशाला बोलतील?"

महेश्वरी भिंतीला टेकली. "म्हणजे... माझी नळी कुणीतरी बदलली?"

३

उजव्या पेल्यातली नळी चिरली होती, पण तळाशी थोडा रस शिल्लक होता. सत्यभामांनी महेश्वरीला हात लावू दिला नाही. रबरी मोजे घालून त्यांनी तो रस एका बाटलीत उतरवला, सील केलं, आणि नळीचा तळ पांढऱ्या कापसानं पुसला. मग तसाच दुसरा बोळा डाव्या नळीत फिरवून दोन्ही शेजारी ठेवले.

डाव्या बोळ्याला फिकट पिवळसर डाग होता. उजव्या बोळ्यावर हिरवी झाक होती. फार नाही. मूग भिजवलेल्या पाण्याएवढी.

महेश्वरी कितीतरी वेळ त्या बोळ्याकडं बघत राहिली.

"हे माझं नाहीच," शेवटी ती म्हणाली. "माझं हिरवं असूच शकत नाही. मी रोपं अंधाऱ्या खोलीत उगवते. ऊन लागलं की पानात हरितलवकं तयार होतात, तीच पानाला हिरवं करतात. रस फिरवताना त्यांचे तुकडे तंतुकणिकांबरोबरच तळाशी येतात, वेगळे करता करता जीव जातो. म्हणून मी उन्हाचा संबंधच ठेवला नाही. माझी रोपं पिवळी असतात, काळ्या तुरीची पण आणि साध्या तुरीची पण."

"म्हणजे ही नळी उन्हात वाढलेल्या तुरीची आहे."

"शेतातल्या. हो."

"चहाच्या वेळी शीतखोलीत कोण कोण गेलं होतं?"

"दार चहाच्या टेबलावरून दिसतं. शिवकुमारदादा बर्फ आणायला गेले होते. सर गेले होते. आणि..." ती घुटमळली. "सिद्धाराम."

व्हरांड्याच्या टोकाला उभा असलेला एक तरुण हे नाव ऐकून झटकन वळला आणि पायऱ्या उतरून गेटकडं चालू लागला.

४

उत्तरेश्वरांनी त्याला गेटपाशी गाठलं. सिद्धाराम अक्कलकोटकडचा, महेश्वरीच्याच बरोबरीचा संशोधक. हा प्रयोग आपल्याला मिळावा म्हणून तो सरांशी भांडला होता. महेश्वरीशी त्यानं तेव्हापासून बोलणं टाकलं होतं.

"पळत का होतास?" सत्यभामांनी विचारलं.

"पळत नव्हतो. मला माहीत होतं, शेवटी माझ्यावरच येणार," तो चिडून म्हणाला. "हो, गेलो होतो शीतखोलीत. माझे नमुने तिथंच असतात. आणि खरं सांगायचं तर तिचा प्रयोग फसला असता तर मला वाईट वाटलं नसतं. पण मॅडम, मला बिघडवायचंच असतं तर ती नळी बर्फातून काढून टेबलावर ठेवली असती. उकाडा बघताय ना? तंतुकणिका तासाभरात निकामी. कुणाला पत्ता लागला नसता. दुसरी नळी भरून आणायचा उपद्व्याप कशाला करू?"

ठाण्याच्या गाडीत बसल्यावर उत्तरेश्वर म्हणाले, "ह्येच पोरगं हाय. लई पटापट बोलतंय."

"तो बोलला ते मात्र बरोबर आहे, हवालदार. त्याचाच विचार करतेय."

दवाखान्यात शिवकुमार पाय वर टांगून पडला होता. पायाशी त्याची बायको महादेवी बसली होती. महेश्वरीचं नाव काढताच तो उसळला.

"तिचं नाव घेऊ नका. लहान बहिणीसारखं शिकवलं तिला. एवढं एक काम धड करता येऊ नये?"

"नळ्या यंत्रात बसवताना तुम्ही परत तोलल्या नाहीत?"

त्यानं टांगलेल्या पायाकडं पाहिलं. मग म्हणाला, "नाही. तोलल्यात, असं ती म्हणाली. उंची सारखी दिसली. बसवल्या."

"बर्फ आणायला गेलात तेव्हा नळ्या पाहिल्या?"

"पाहिल्या की. मी बाहेर पडलो तेव्हा सर आत येत होते."

"समजा तुम्हाला एक नळी बदलायची असती, तर?"

शिवकुमारनं त्यांच्याकडं रागानं पाहिलं. "तर समोरचीशी तोलून बदलली असती. तराजू माझ्याच टेबलावर असतो. असं उंची बघून भरणं म्हणजे ज्यानं कित्येक वर्षांत स्वतः नळी तोलली नाही, त्याचं काम."

हे बोलून तो आपल्याच बोलण्यानं दचकला. महादेवीनं त्याच्याकडं, मग सत्यभामांकडं पाहिलं.

जिना उतरताना सत्यभामा मध्येच थांबल्या. "हवालदार, आपण सकाळपासून एकच विचारतोय, महेश्वरीचं काम फसावं असं कुणाला वाटत होतं. प्रश्नच चुकला. फसवायचं होतं तर बर्फातून काढून ठेवणं पुरे होतं. ज्यानं नळी बदलली, त्यानं काळजीनं तुरीचाच रस आणला. त्याला तिचा प्रयोग फसवायचा नव्हता."

"मग?"

"त्याला तो पास करायचा होता."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामा महेश्वरीला घेऊनच डॉक्टर हत्तरगे यांच्या खोलीत गेल्या. बंडप्पा दाराशी उभे राहिले.

"सर," सत्यभामा म्हणाल्या, "तुमच्या जुन्या प्रयोगात काळ्या तुरीची पानं कुठली होती?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "शेतातली. तेव्हा आमच्याकडं अंधारी खोली नव्हती. का?"

"म्हणजे हिरवी."

"सर..." महेश्वरी एकदम म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. रात्रभर तिनंही तोच विचार केला होता. "तुमच्या तंतुकणिकांमध्ये हिरव्याचे तुकडे राहिले होते का? ते प्रथिन तंतुकणिकेचं नव्हतंच? हरितलवकाचं होतं?"

डॉक्टरांनी टेबलावरचे कागद सरळ केले.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा," सत्यभामा म्हणाल्या. "हिचा रस शुद्ध होता. त्यात ते प्रथिन निघणार नव्हतं, आणि तुमचा निबंध खोटा ठरणार होता. तुमच्याकडं जुन्या रसाचा साठा गोठवून ठेवलेला आहे, हे हिनंच मला सांगितलं. त्यातला अगदी थोडा वितळवून, साध्या पाण्यानं भरपूर पातळ करून तुम्ही तशाच नळीत हिच्या नळीच्या उंचीइतका भरलात. शीतखोलीत जाऊन काळ्या तुरीची नळी बदललीत. फिरवून झाल्यावर वरचं पाणी ओतूनच टाकतात, तेव्हा त्यात साखर नाही हे कुणाला कळणार नव्हतं. तळाशी तुमचं प्रथिन निघालं असतं. वजनाचं तेवढं तुमच्या ध्यानात राहिलं नाही."

"हे सगळे तर्क झाले," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

"हिची खरी नळी तुम्ही या बेसिनमध्ये ओतलीत. काल मी हात धुतले तेव्हा जाळीला मुंग्या होत्या. ही खोली तुमची, आणि तुम्ही साखर घेत नाही. बेसिनखालचा वाकडा पाइप मी आता सोडवून घेणार आहे. त्यातलं पाणी आणि तुमचा गोठवलेला साठा, दोन्ही बाहेरच्या प्रयोगशाळेत जाईल. नळीतला हिरवा रस कालच गेलाय."

डॉक्टरांनी चष्मा पुसला, परत घातला, परत काढला.

"मला गेल्या वर्षी कळलं," ते म्हणाले. "आधी खरंच माहीत नव्हतं. प्रामाणिक चूक होती ती. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तोवर बियाणं वाटायचं ठरलं होतं, माणसं कामाला लागली होती. वाटलं, महेश्वरीच्या हातूनही थोडं हिरवं राहील, तेच उत्तर येईल. पण ही रोपं अंधारात वाढवायला लागली. माझ्यापेक्षा चांगलं काम करत होती. मला बघून अभिमान वाटायचा आणि भीतीही."

"शिवकुमारदादांचा पाय मोडला, तेव्हा का नाही बोललात?" महेश्वरीनं विचारलं. "माझ्यावर आलं, तेव्हा?"

"तुझ्यावर गुन्हा नोंदवू नका म्हणून मीच..."

"मला काम सोडायला सांगितलंत, सर."

दाराशी उभे असलेले बंडप्पा आत आले. "तुम्ही माझ्या घरी येऊन, माझ्या देवासमोर बसून म्हणालावता, पोरीला माझ्या हवाली करा. व्हय का न्हाय?"

"म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले.

"मग?"



६

गुन्हा डॉक्टर हत्तरगे यांच्यावर नोंदला गेला. पाइपातल्या पाण्यात साखर आणि पिवळा रस निघाला. जुना साठा आणि नळीतला रस एकच असल्याचा अहवालही आला. तज्ज्ञांना पत्र डॉक्टरांनी स्वतःच लिहिलं, निबंध मागं घेत असल्याचं. ठाण्यातून सुटल्यावर ते दवाखान्यात गेले आणि शिवकुमारच्या खाटेशी हात जोडून उभे राहिले. शिवकुमार त्यांच्याकडं बघून म्हणाला, "सर, तुमच्याशी मला आज बोलायचं नाही. मी त्या पोरीला नाही नाही ते बोललोय. तिला बोलवा."

महेश्वरी संध्याकाळी आली. सोबत बंडप्पा होते, पिशवीत डाळिंबं होती. शिवकुमार उठून बसायची धडपड करू लागला तशी तिनं त्याला खांद्याला धरून परत झोपवलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"दादा, तुमच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. राहू दे ते."

"आता काय करणार?"

"सोलापूरच्या एका प्रयोगशाळेत त्यांचं यंत्र वापरायला मिळतंय. साधी तूर, काळी तूर, सगळं पहिल्यापासून. सिद्धाराम पण येतो म्हणालाय."

"आन् तुम्ही हो म्हणालात?" महादेवीनं विचारलं.

"त्याचा हात चांगला आहे," महेश्वरी म्हणाली. "आणि त्यानं निदान खरं सांगितलं, मी फसले असते तर त्याला बरं वाटलं असतं म्हणून."

बंडप्पा डाळिंब सोलत होते. तिला घरी नेण्याबद्दल त्यांनी त्या सकाळपासून एक अक्षर काढलं नव्हतं.

महादेवीच्या माहेरी, बेंबळीजवळ, ती काळी तूर बापजाद्यांपासून पेरत आले होते. "मग एवढं सगळं झालं," ती म्हणाली, "त्या तुरीत काहीच न्हवतं व्हय?"

"आहे ना, वहिनी. दुष्काळात ती उभी राहते, हे तुम्ही लहानपणापासून बघितलंय. ते खोटं नाही. का उभी राहते, ते फक्त कुणाला माहीत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच. सरांनाही नव्हतं, मलाही नाही."

महादेवीनं डाळिंबाचे दाणे वाटीत काढून तिच्यापुढं केले. "मग खावा हे आधी, आन् हुडका."

महेश्वरीनं वाटी हातात घेतली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली होती.